घरात कुणी नाही

"माझी मांजर बरी गो या डबीपरीस. घरात माणूस हाय का नाय, येवढं तिला तरी कळतं."

मालूबाई हे कुणाला उद्देशून बोलल्या नव्हत्या. कारखान्याच्या ओट्यावर भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत होत्या. पण त्यांचं पुटपुटणं शेजारच्या माणसाला ऐकू यावंच लागतं, नाही आलं तर त्या परत पुटपुटतात. शेजारी त्यांची सून नमिता बसली होती. तिनं वालावरची नजर न काढता विचारलं, एसी परत बंद झाला का.

झाला तर. म्हातारा आत धडधडीत बसलाय आणि ती डबी म्हणते घरात कुणी नाय.

ही डबी म्हणजे रोह्याच्या जावयाची भेट. जोह्यातल्या त्यांच्या गणपतीच्या कारखान्यात मागच्या अंगाला एक बंद खोली आहे, आखणीची. मूर्तीला बाकीचा सगळा रंग बाहेरच्या पडवीत लागतो, पण डोळे मात्र या खोलीत काढतात. तिथं धूळ नको, वारा नको, बोलणं तर नकोच. आखणी चालू असली की दार लावलेलं असतं आणि ते कुणी उघडायचं नाही, असा त्या घराचा जुना रिवाज. पावसाळ्यात जोह्याची हवा इतकी ओली असते की बरणीतल्या मिठालाही पाझर फुटतो. मग डोळ्याची केसाएवढी काळी रेघ वाळायची कशी? ती फुटते, खाली उतरते आणि देव रात्रभर रडून उठल्यासारखा दिसायला लागतो. म्हणून यंदा नमिताच्या नवऱ्यानं, प्रविणनं, खोलीला एसी लावला. आणि एसी लागल्याचं कळल्याबरोबर रोह्याहून हर्षद आला आणि त्यानं भिंतीवर ही पांढरी गोल डबी चिकटवली.

हर्षद म्हणजे दिपिकाचा, नमिताच्या नणंदेचा नवरा. रोह्याच्या एका कंपनीत यंत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रांवर तो लक्ष ठेवतो. बाकीचे जावई सासुरवाडीला येताना पेढे आणतात, हा काहीतरी डबी आणतो. डबी चिकटवून झाल्यावर त्यानं सगळ्यांना पुढ्यात बसवून समजावलं होतं. यापुढे कुणी बटण दाबायचं नाही. खोलीत माणूस असला की एसी चालू, डबीचा दिवा हिरवा. अर्धा तास काही हललं नाही की माणूस बाहेर गेला असं डबी धरून चालणार, दिवा नारिंगी, एसी बंद. हिला सगळं कळतं, असं तो म्हणाला. तेव्हाच मालूबाईंनी विचारून घेतलं होतं की मग हिला भाताच्या शिट्ट्या मोजता येतात का.

आता रोज दुपारी एकच तमाशा. मालूबाईंचे यजमान शिवा, ज्यांना अख्खं गाव आप्पा म्हणतं, ते जेवून, हातपाय धुऊन, धुवट धोतर नेसून आखणीच्या खोलीत जायचे आणि दार लावून घ्यायचे. थोड्या वेळानं आतला एसी गप्प. तिकडे रोह्यात हर्षदच्या फोनवर निरोप जायचा, 'घरात कुणी नाही. एसी बंद केला आहे.' मग त्याचा फोन इकडे. आप्पा बाहेर गेले का? प्रविण दाराच्या काचेतून डोकावायचा आणि सांगायचा, नाही, बसलेत की. हर्षद म्हणायचा, असं होणारच नाही. प्रविण म्हणायचा, मग तू येऊन बघ. आणि पहाटे काढलेले डोळे त्या दमट खोलीत चिकचिकत पडायचे.

यावर घरात एक उत्तर तयार झालं होतं. ते आधी कुणी दिलं कोण जाणे, पण सगळ्यांच्या तोंडी एकसारखं बसलं होतं. आप्पा आखणीला बसले की हलत नाहीत. श्वाससुद्धा धरून ठेवतात. ती तपश्चर्या असते, डबीला काय कळणार?

उत्तर सुरेख होतं. फक्त खरं नव्हतं.

शिवा आप्पांचा डोळा म्हटला की पेणपासून नागोठण्यापर्यंतचे लोक ओळखायचे. कुठल्याही कोनात उभे राहा, देव आपल्याकडेच बघतोय आणि आपलं काय चुकलंय ते त्याला ठाऊक आहे, पण तो सांगणार नाही, असं वाटायचं. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांचा हात त्या कामावर. दोन पावसाळ्यांपूर्वी नमिता पहाटे खोली झाडायला गेली, तर एका मूर्तीचा डावा डोळा जागच्या जागी होता आणि उजवा शेजारच्या घरात डोकावत होता. ती झाडू घेऊन उभी राहिली. मग तिनं दार लोटलं, कापसानं तो डोळा पुसला आणि नवा काढला. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. ती रोह्याकडच्या भातशेतीवाल्यांची मुलगी, लग्न होऊन आली तेव्हा ब्रशची उलट बाजू कोणती तेही तिला विचारावं लागलं होतं. पण इतकी वर्षं दागिने आणि शेले रंगवताना तिची नजर त्या बंद दाराच्या काचेवर असायची.

त्या दिवशी आप्पांनी ती मूर्ती पाहिली. दुसऱ्या पहाटे दोन मूर्ती बिनडोळ्यांच्या ठेवलेल्या होत्या. तिसऱ्या पहाटे सगळ्याच. तेव्हापासून हा संसार असाच चालला होता. दुपारी आप्पा आखणीला बसत. पहाटे नमिता खोली झाडायला जाई आणि झाडायला तिला चांगलं उजाडेपर्यंत वेळ लागे. मग आप्पा मूर्तींपुढून हळूहळू चालत, वाकून बघत आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणत, "कालची आखणी बरी झाली." नमिता म्हणे, व्हय आप्पा.

हे कळलं नव्हतं असं घरात कुणीच नव्हतं. प्रविणला बायकोच्या नखातला काळा रंग दिसत होता. मालूबाईंना काय, त्यांना दुसऱ्याच्या पोटातलंही दिसतं. दिपिकाला आईनं सांगितलं होतं, आणि तिनं ते नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं, यावरून गोष्ट किती मोठी ते कळावं. पण एकानं दुसऱ्याशी या विषयावर चकार शब्द काढला नव्हता.

नमिताला भीती एकाच गोष्टीची वाटे. वाडीतल्या काळुरामतात्यांचं तिनं पाहिलं होतं. त्यांच्या मुलांनी प्रेमानंच सांगितलं, तात्या, आता आराम करा. तात्यांनी खाट धरली ती धरली. आता जेवायचं झालं तरी भिंतीकडे तोंड करून जेवतात. आप्पांचं ते धुवट धोतर, ते दार लावणं, दिवेलागणीला बाहेर येऊन चहा मागणं, एवढं टिकलं पाहिजे. बाकी कोण काय म्हणतं ते म्हणो. आता मधूनच जीव थोडा खट्टू व्हायचा, नाही असं नाही. नागोठण्याचा एक ग्राहक मागच्या साली मूर्तीपुढे हात जोडून उभा राहिला, मग वळून आप्पांपुढेही जोडले आणि म्हणाला, आप्पा, डोळे अजून तेच हां, जरा उतरले नाहीत. नमिता तेव्हा चहा घेऊन आली होती. तिला आनंद झाला, आणि त्याच्या कपात साखर घालायची राहून गेली.

तर आता ही डबी. रोज दुपारी घसा न खाकरता सांगत होती की आत कुणी काही करत नाहीये.

नमितानं सुचवून पाहिलं की ते आपोआपचं काढूनच टाकू, आप्पा रिमोटनं चालूबंद करतील. मालूबाई म्हणाल्या, जावयानं दिलेली वस्तू काढली तर दिपिकाला सासरी तोंड दाखवायला जागा राहील का? आणि आप्पा ओट्यावरून म्हणाले, त्या बारीक बटणांचं काम आपलं नाय. यावर सगळे एकदम वेगवेगळ्या दिशांना बघायला लागले. प्रविणला तर आभाळात काहीतरी दिसलं.

मग फोनवरून दुरुस्त्या सुरू झाल्या. हर्षदनं रोह्यात बसून अर्ध्या तासाचा एक तास केला. एसी एक तासानं बंद पडायला लागला. मग तो म्हणाला, डबीला फोन ओळखायला शिकवू, आप्पांचा फोन घरात असला की आप्पा घरात. प्रविणनं आपला जुना फोन आप्पांच्या बंडीच्या खिशात घातला. आप्पांनी तो बायकोला दिला, कारण त्यात बॅटरी चांगली होती. मालूबाई तो घेऊन पेणच्या बाजाराला गेल्या, पोह्याचे पापड आणायला. त्या मिनीडोर रिक्षातून पेणला उतरेपर्यंत डबीनं जाहीर करून टाकलं होतं की आप्पा बाहेर गेलेत, आणि हर्षद रोह्याहून कळवळून विचारत होता की एवढ्या पावसात आप्पा पेणच्या मच्छीबाजारात काय करतायत.

शेवटी मालूबाईंनी स्वतःच अक्कल चालवली. हलणारं काहीतरी पाहिजे ना? त्यांनी लग्नातलं एक जुनं झिरमिळ्यांचं तोरण काढलं, डबीपुढे टांगलं आणि त्यावर टेबलफॅन सोडला. तोरण नाचायला लागलं, दिवा हिरवा तो हिरवाच. दोन दिवस घरात जावयापेक्षा सासू हुशार अशी चर्चा होती. मग एका बारशाला सगळे रोह्याकडे गेले, रात्री तिथंच राहिले, आणि तोरण इकडे कुणाच्याही परवानगीविना नाचत राहिलं. परत येऊन नमितानं दार उघडलं तर खोली बर्फाच्या कारखान्यासारखी. बाहेरची ओली हवा आत शिरली मात्र, थंडगार मूर्तींवर डोळ्यांदेखत दव धरलं. सगळे गणपती घामाघूम. आणि नमितानं आठवडाभर काढलेले डोळे गालावरून ओघळायला लागले.

ती कापूस घेऊन एकेक डोळा टिपत बसली. कुणावर रागवावं ते तिला कळेना. मालूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "परत काढावे लागतील गो." मग जीभ चावून म्हणाल्या, "म्हंजे, ह्यांना."

त्या रविवारी हर्षद जातीनं आला. पेणला गाडीतून उतरून, मिनीडोरमध्ये गुडघे पोटाशी घेऊन, एका हातात पेचकसांची पिशवी. मालूबाईंनी त्याला आधी जेवायला बसवलं. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी. वाढता वाढता विचारत होत्या, जावईबापू, तुमच्या घरी पण अशीच डबी हाय ना? मग तुम्ही झोपल्यावर ती दिपिकाला काय सांगते, बाई, तू एकटीच हायस म्हणून? हर्षद बिरड्यात बघत हसला. तो डबीचा अपमान मनाला लावून घेणाऱ्यांतला होता.

जेवल्यावर आप्पा ओट्यावर शेजारच्या पोराकडून सुपारी कातरवून घेत बसले आणि बाकीचे आखणीच्या खोलीत गेले. हर्षदनं तोरण उतरवलं. फोनवर काहीतरी करून तासाचं एक मिनिट केलं, म्हणजे तपासायला सोपं. बाकीच्यांना डबीच्या टप्प्याबाहेर उभं करून आप्पांच्या पाटावर तो स्वतः बसला, कोरडा ब्रश घेतला आणि अंग न हलवता नुसतं मनगट हलवत राहिला. दिवा हिरवा. हात थांबवला, श्वास धरला. मिनिटानं दिवा नारिंगी. परत मनगट. परत हिरवा.

तो म्हणाला, बघा, एवढी बारीक हालचाल पकडते, मग आप्पांची का नाही? कदाचित मला आखणी येत नाही म्हणून माझा हात जास्त हलत असेल. वहिनी, तुम्ही बसा. करताय असं नुसतं दाखवा.

नमिता म्हणाली, मला कुठं येतं भाऊजी. पण प्रविण बघत होता, सासू बघत होती, जास्त आढेवेढे घेतले तर तेच दिसलं असतं. ती बसली. समोर एक बिनडोळ्यांची मूर्ती होती. तिनं कोरडा ब्रश उचलला आणि ठरवलं की वेडावाकडा फिरवायचा. पण करंगळी आपली आपण मूर्तीच्या गालावर जाऊन टेकली. वरची पापणी आतून बाहेर, एका दमात. मग खालची, जरा सैल. मग बुबुळाची गोलाई, ब्रश न उचलता. तिच्या लक्षात आलं तेव्हा एक डोळा पुरा झाला होता, रंगाशिवाय.

दिवा हिरवा होता. पण हर्षद दिव्याकडे बघत नव्हता. तो नमिताच्या करंगळीकडे बघत होता.

त्यानं फोन काढला, काहीतरी वर-खाली केलं. डबीची मागची नोंद होती, रोज पहाटे दिवा हिरवा, एकदाही चूक नाही. "म्हणजे डबी तर..." तो म्हणाला आणि थांबला. त्यानं प्रविणकडे पाहिलं, प्रविण पेचकस मोजत होता. मालूबाईंकडे पाहिलं. त्या जावयाकडे अशा बघत होत्या, जणू त्याच्या हातात त्यांची कुठली तरी काचेची वस्तू आहे आणि तो ती आता कुठं ठेवतोय.

नमिता ब्रश हातात धरून तशीच बसली. आता हा बोलणार. शिकलेला माणूस, त्याला खरं ते बोलायची सवय. उद्यापासून ते धुवट धोतर दोरीवर राहणार.

हर्षदनं डबी भिंतीवरून उतरवली, उलटी केली, कानाशी धरून हलवली. जणू नारळात पाणी आहे का बघतोय.

"खराब आहे," तो म्हणाला. "माल खराब निघाला. मी बदलून आणतो."

ज्या माणसानं कधी आपल्या घड्याळाचा सेल संपल्याचंही कबूल केलं नव्हतं, तो हे म्हणाला. नमिताला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. मग सगळ्यांनीच त्या डबीवर तोंडसुख घेतलं. प्रविण म्हणाला, मला पहिल्या दिवसापासून शंका होती. मालूबाई म्हणाल्या, वस्तूच ती, बिघडते, त्यात जावईबापूंचा काय दोष, आणि त्यांना वाटीत अजून बिरडं देऊ का असं विचारायला लागल्या. डबी बिचारी हर्षदच्या तळहातावर हिरवा दिवा लावून सगळं ऐकून घेत होती.

"कोण खराब हाय?"

आप्पा दारात उभे होते. केव्हापासून, ते कुणालाच कळलं नाही. हर्षदनं सांगितलं, काही नाही आप्पा, डबी. तुम्ही असताना नाही म्हणते, फेकून देतो.

आप्पा आत आले. त्यांना पाहून नमिता पाटावरून उठली. ते सावकाश त्या पाटावर बसले, रोज दुपारी बसतात तसे. उजवा हात मांडीवर, त्याच्यावर डावा हात दाबून धरलेला. "लाव ती," ते म्हणाले. हर्षद म्हणाला, राहू द्या ना आप्पा. आप्पा वाट बघत राहिले. तेव्हा त्यानं डबी परत भिंतीला लावली.

सगळे उभे होते, पण दारापाशी, डबीच्या नजरेआड. पत्र्यावर पाऊस वाजत होता. आप्पा समोरच्या मूर्तीकडे बघत बसले, तिच्या कोऱ्या डोळ्यांकडे. मिनिट भरलं आणि दिवा नारिंगी झाला. मालूबाईंनी तोंडाला पदर लावला.

मग आप्पांनी डावा हात उचलला. खालचा उजवा मोकळा झाला आणि थरथरायला लागला, मनगटापासून बोटांपर्यंत. त्यांनी तो थांबवला नाही. तसाच वर धरला, सगळ्यांना दिसेल असा. दिवा हिरवा झाला आणि एसी सुरू झाला.

"दिसलो बघ हिला," आप्पा म्हणाले. त्यांना थोडं हसूही आलं होतं. "जावईबापू, येवढ्या बारक्या वस्तूवर खोटा आळ नका घेऊ. ती बरोबर हाय. हितं बसल्यावर मला बरं वाटतं, म्हून मी बसतो. उद्या पण बसणार, तिला काय म्हणायचं ते म्हणू दे." त्यांनी हात खाली घेतला, आणि दाराकडे मान वळवून सुनेकडे पाहिलं.

"पण डोळे मी नाय काढत. दोन पावसाळे झाले. डोळे नमिता काढते."